नवस, मेडिक्लेम आणि लेकरू

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचं नाव निघालं की दोन गावं हटकून आठवतात, शेगाव आणि सिंदखेडराजा. सिंदखेडराजा म्हणजे जिजाऊंचं माहेर. जिजाऊंच्या सासरची एक गोष्ट बखरींत येते. मालोजीराजे आणि उमाबाई यांना बरीच वर्षं मूलबाळ नव्हतं. त्यांनी अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) शाहशरीफ पीराला नवस केला, दोन मुलगे झाले, आणि पीराच्या नावावरून एकाचं नाव शहाजी ठेवलं, दुसऱ्याचं शरीफजी.

गोष्ट किती खरी हा इतिहासकारांचा प्रश्न. मला त्यात दिसतो तो नवसाचा व्यवहार. नवस आधी बोलायचा आणि फळ मिळालं तरच फेडायचा. नाही मिळालं तर निदान देणं तरी अंगावर राहत नाही. आजच्या औषधोपचाराचा हिशेब बरोबर उलटा आहे. पैसे आधी मोजायचे. बीज तयार होण्यासाठी दहा-बारा दिवस इंजेक्शनं घ्यायची, सोनोग्राफीसाठी अकोला नाहीतर संभाजीनगर गाठायचं, आणि यश आलं नाही तरी पैसे गेले ते गेलेच. अशा अनिश्चित आणि मोठ्या खर्चासाठीच तर माणसानं विमा शोधून काढला. मग हाच खर्च विम्यात का नाही?

याचं उत्तर शोधत मागे गेलं की १९८६ हे साल लागतं. त्या वर्षी ६ ऑगस्टला मुंबईच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. (कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी १९७८ सालीच हे करून दाखवलं होतं, पण त्यांच्या हयातीत त्यांना मान मिळाला नाही. तो वेगळा आणि फार दुःखद विषय आहे.) आणि त्याच १९८६ साली चार सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी आणली. विज्ञानाने दार उघडलं त्याच वर्षी विमाही घरात आला, पण दोघांची गाठ काही पडली नाही.

जुन्या मेडिक्लेमचा कागद कुणाकडे असेल तर काय काय मिळणार नाही ती यादी काढून वाचा. एकाच कलमात सगळं ओळीनं बसवलेलं सापडेल: अशक्तपणा, जन्मजात बाह्य व्यंग, वंध्यत्व, गुप्तरोग, स्वतःहून करून घेतलेली इजा, दारू आणि नशा. मूल न होणं कुणाच्या पंगतीला बसवलंय बघा! हा आजार नाही, एक तर नशीब किंवा स्वतःचा दोष, असं गावातल्या पारावर बोललं जातं. तेच इथे इंग्रजीत छापलं होतं.

विमा कंपनीची बाजूही सांगायला हवी. विमा अचानक येणाऱ्या संकटाचा असतो. ज्यांना मूल होत नाही तेच लोक ठरवून पॉलिसी घेतील आणि हप्ते सगळ्यांचेच वाढतील, ही त्यांची भीती अगदीच खोटी नाही. त्यात पुन्हा मेडिक्लेमसाठी साधारणपणे २४ तास भरती व्हावं लागतं. क्लोमिफेनच्या गोळ्या आणि हार्मोनची इंजेक्शनं घेऊन बाई संध्याकाळी घरी स्वयंपाकाला असते. म्हणजे औषधांच्या दाराला दोन कुलपं.

पण सरकारचं काय? सरकारची नजर पहिल्यापासून जास्त मुलं होण्यावर होती. १९५२ साली कुटुंबनियोजन सुरू झालं. १९७६ साली तर महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, ते राष्ट्रपतींच्या सहीअभावी राहिलं. पुढे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कुटुंबनियोजनाची विमा योजना आली. नसबंदी फसून दिवस राहिले तर भरपाई. योजना योग्यच होती. पण नको असताना मूल झालं तर भरपाई, आणि हवं असताना होत नाही त्याला काहीच नाही, हे कुणाला खटकलं नाही. २०१८ साली आयुष्मान भारत आली, तीतही वंध्यत्वाचे उपचार वगळलेल्या यादीत गेले. २०१९ साली विमा नियामकाने अपवादांना क्रमांक दिले, तेव्हा वंध्यत्वाला १७ नंबर मिळाला. २०२१ च्या कायद्यांनी स्त्रीबीज देणाऱ्या बाईचा १२ महिने आणि सरोगेट मातेचा ३६ महिने विमा काढणं जोडप्यावर बंधनकारक केलं. ते हवंच होतं. पण जोडप्याच्या स्वतःच्या उपचाराचा खर्च होता तिथेच राहिला. अलीकडे काही खाजगी पॉलिसी थोडी रक्कम देतात, पण बहुधा दोन-तीन वर्षं थांबल्यावर. पस्तिशीच्या बाईला थांबा म्हणणं म्हणजे नाही म्हणण्यासारखंच.

होत नाही म्हणावं तर तसंही नाही. २०११ साली केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आयव्हीएफचा खर्च मान्य केला, औषधांसकट दर खेपेला ६५ हजारांपर्यंत, तीन खेपा. म्हणजे पोस्टाच्या काउंटरच्या आतल्या माणसाला हा आधार मिळाला. काउंटरच्या बाहेर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला नाही. गोव्यात २०२३ साली सरकारी मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू झालं. आणि आपल्या कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांना तिथल्या सरकारी आरोग्य विम्यातून दोन मुलांपर्यंत हा उपचार मिळतो.

आपल्याकडे सगळ्यांना लगेच आयव्हीएफ द्या असं मी म्हणत नाही. कुपोषण, बाळंतपणं, सिकलसेल... सरकारी पैशावर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत. पण सुरुवात गोळ्यांपासून आणि तपासण्यांपासून करता येईल. त्यातही नवऱ्याची तपासणी आधी. दोष पुष्कळ वेळा पुरुषाकडेही असतो आणि त्याची तपासणी बाईच्या तपासण्यांपेक्षा सोपी आणि स्वस्त असते. ती तालुक्याच्या दवाखान्यात फुकट आणि नेमानं झाली, तर कितीतरी बायकांच्या मागचं 'वांझ' हे नाव सुटेल आणि कितीतरी घरांत दुसऱ्या लग्नाची बोलणी थांबतील.

लेकरू झालं नाही तरी माणसाचं आयुष्य पुरं असतं, हे मला मनापासून वाटतं. पण ते त्या जोडप्यानं ठरवायचं. पॉलिसीच्या सतरा नंबरच्या कलमानं नाही.