प्रवाद, दप्तर आणि शोधयंत्र

इंटरनेटवरील शोधयंत्रांनी अपप्रचार गाळून मगच उत्तरे वाचकापुढे ठेवावीत काय, हा प्रश्न आज वारंवार चर्चिला जात आहे. तो केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न आहे असे समजणे युक्त नव्हे. कोणते वृत्त लोकांपुढे जावे हे कोणी ठरवावयाचे, हा त्याच्या मुळाशी असलेला वाद जुना आहे आणि मराठवाड्याने त्याचा अनुभव घेतलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

नायगाव हे आज नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात मोडत होता. तेथे 'गश्ती निशाण ५३' अन्वये सार्वजनिक सभेस सरकारी परवानगी लागे. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' या साप्ताहिकासही बंदीस तोंड द्यावे लागले. हे सारे शांततेच्या नावाने चालले होते. परंतु त्याने प्रवाद थांबले काय? लातुरात वकिली केलेले रझाकारांचे नेते कासीम रझवी दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही निशाण फडकविण्याच्या वल्गना जाहीरपणे करीत होते. उलट रझाकारांवर उघड टीका करणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. तात्पर्य, त्या गाळणीने असत्य अडले नाही, असत्याला मिळणारे उत्तर तेवढे अडले.

हा दोष केवळ निजामी राजवटीचा होता असे मात्र म्हणता येत नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील लष्करी कारवाईनंतर संस्थानात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. त्यांची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी असा तिचा अंदाज होता आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड व उस्मानाबाद यांचा समावेश होता. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा उस्मानाबादेतच होता. हा अहवाल सरकारने अनेक दशके प्रसिद्ध केला नाही. त्यामुळे रझाकारांचे अत्याचार आणि नंतरच्या कत्तली ही दोन्ही सत्ये एकत्र तोलली गेली नाहीत. ज्याने त्याने आपल्या सोयीचे तेवढे उचलले. अधिकृत निवेदनाशी जुळत नाही एवढ्याच कारणास्तव मजकूर गाळणारे यंत्र त्या काळी असते, तर या अहवालातील आकडे त्याने अपप्रचारातच जमा केले असते.

यावरून शोधयंत्राने काहीच करू नये, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. शोधयंत्र हे दप्तरखाना नव्हे. ते उत्तरांचा क्रम लावते, आणि क्रम लावणे हीच एक निवड होय. बनावट छायाचित्र अथवा खोटा दस्तऐवज पहिल्या स्थानी येऊ देणे यास तटस्थता म्हणता येत नाही. अशा मजकुराचे स्थान खाली नेणे योग्यच. मात्र तो नाहीसा करू नये, कारण नमूद करावे आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी. शिवाय, ज्याच्याविषयी वाद आहे त्यासच न्यायाधीश करू नये. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार सरकारी तथ्यपडताळणी कक्षास देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, ती या दृष्टीने उद्बोधक आहे.

मराठीपुरता आणखी एक विचार आवश्यक आहे. आपल्या भाषेत एखाद्या तालुक्याच्या इतिहासावर इंटरनेटवर मजकूरच थोडा असतो. जेथे चारच पाने आहेत तेथे एक गाळले तर चतुर्थांश साक्ष जाते, आणि एक खोटे वर आले तर तेच इतिहास ठरते. नायगावच्या विद्यार्थ्याने '१७ सप्टेंबर १९४८' असे शोधले असता त्यास दोन्ही बाजूंची मूळ कागदपत्रे मराठीत मिळाली पाहिजेत. ती संपादून प्रसिद्ध करणे हे कोणत्याही यंत्राचे काम नव्हे. ते इतिहास विभागांचे आहे, आणि त्यास आधीच पुष्कळ विलंब झालेला आहे.