मांजरांची नखे काढण्याचा वाद

मांजरांची नखे काढणे : पाळीव मांजराने घरातले सामान ओरबाडू नये आणि माणसाला बोचकारू नये, यासाठी त्याच्या बोटांची टोके शस्त्रक्रियेने कायमची छाटण्याची प्रथा. विसाव्या शतकाच्या मध्यास ती अमेरिकेत रुळली आणि कॅनडात पसरली. युरोपातील अनेक देशांनी ती नाकारली. गाठ झाली किंवा जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला म्हणून एखादे बोट काढावे लागते, तो उपचार होय आणि त्याबद्दल कोणाचा वाद नाही. वाद आहे तो निरोगी मांजरावर केवळ मालकाच्या सोयीसाठी होणाऱ्या शस्त्रक्रियेचा. भारतात ती रूढ नाही, मात्र तिचे नाव घेऊन मनाई करणारे कलमही प्राणी-क्रूरता कायद्यात नाही. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा तालुक्यांकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे आजवर का उद्भवला नाही आणि पुढे का उद्भवू शकेल, हे दोन्ही लक्षात येते.

पेणकडे खाडीकाठची खारजमीन, मिठागरे आणि भातशेती. रोह्याकडे कुंडलिका नदीच्या दोन्ही अंगांना भातखाचरे. जिथे भात तिथे उंदीर आणि घूस आलीच, म्हणून घरोघरी मांजर. कणगीतले भात आणि पोत्यातले पोहे राखायचे काम त्याचे. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असलेल्या कोकणात या कामाचे मोल कमी नाही. मासळी बाजारात कोळणीच्या पाटीपासून हातभर अंतरावर डोळे मिटून बसलेला बोका हाही इथल्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. हे मांजर घरचे असते, पण घरात कोंडलेले नसते. ओटी, परस, वाडी, शेजारचा गोठा असा त्याचा दिवसभराचा फेरा. नखे घासायला फणसाचे खोड आहे, गोणपाट आहे, दाराची जुनी चौकट आहे. कुत्रा मागे लागला तर क्षणात झाडावर चढायला हीच नखे लागतात. अशा मांजराची नखे काढावीत हा विचार इथल्या माणसाला सुचण्याचे कारणच नव्हते.

आता चित्र बदलते आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि दिवा-रोहा लोहमार्ग यांच्या आधाराने पेण शहरात आणि रोहा-अष्टमीत इमारती उभ्या राहिल्या, धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे बाहेरगावची कुटुंबे आली आणि बंद दाराच्या फ्लॅटमध्ये लांब केसांची पर्शियन मांजरे दिसू लागली. जाळी बसवलेल्या खिडकीच्या आत वाढणाऱ्या मांजराला ना फणस मिळतो, ना गोणपाट. मग ते सोफ्याकडे वळते. अमेरिकेतही हा वाद नेमका याच वळणावर सुरू झाला होता.

मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या पायाला चार बोटे असतात, म्हणजे नखे एकूण अठरा. माणसाचे नख त्वचेवर वाढते. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या पेराच्या हाडाला जखडलेले असते. एरवी एक लवचिक बंध हे पेर मागे ओढून धरतो, त्यामुळे चालताना मांजराची नखे फरशीवर वाजत नाहीत. झडप घालताना तळव्याकडची कंडरा ताणली जाते आणि नख बाहेर येते. नख थरांनी वाढते, बाहेरचा जुना थर सुटून पडतो. सोफ्याच्या कडेला सापडणारे पोकळ, वाकडे टरफल पाहून अनेकांना मांजराचे नख मोडले असे वाटते. प्रत्यक्षात आतले नवे नख धारदार होऊन तयार झालेले असते. नखे घासणे हा या वाढीचा भाग आहे. त्याच वेळी मांजर पाठ आणि खांदे ताणून घेते आणि तळव्यांमधील ग्रंथींचा गंध त्या जागी सोडून आपल्या हद्दीची खूण करते. मांजर सोफा फाडते ते खोडीने नव्हे. सोफ्याचे कापड नखात अडकते, सोफा जागचा हलत नाही आणि तो घराच्या मधोमध असतो, म्हणून त्याची निवड होते.

हाडालाच जखडलेले असल्याने नख कायमचे काढायचे तर ते हाडही जाते. माणसाच्या हाताचे प्रत्येक बोट शेवटच्या सांध्यापाशी छाटण्यासारखीच ही शस्त्रक्रिया आहे. बहुतेक वेळा ती पुढच्या दोन पायांवर करतात, म्हणजे एका बैठकीत दहा अवयवच्छेद. त्यासाठी छाटणीचे पाते, शस्त्रक्रियेची सुरी किंवा लेझर वापरतात. लेझरने रक्तस्राव कमी होतो, पण हाड तितकेच जाते. दुसरा प्रकार कंडरा कापण्याचा. त्यात नख राहते, पण मांजराला ते बाहेर काढता येत नाही. न झिजलेली ती नखे मालकालाच आयुष्यभर कापावी लागतात. मांजर बोटांवर चालणारा प्राणी आहे. बोटांची टोके गेली की शरीराचा भार मागे सरकतो आणि चाल बदलते. हाडाचा तुकडा आत राहिला तर तो चालताना टोचत राहतो, कधी नख वेडेवाकडे पुन्हा उगवते.

अमेरिकेत १९४७ साली एडवर्ड लो यांनी मांजराच्या विष्ठेसाठी शोषक मातीचे दाणे विकायला सुरुवात केली आणि मांजराला चोवीस तास घरात ठेवणे सोपे झाले. १९५२ साली शिकागोचे पशुवैद्यक मायझेनर यांनी अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात नखे काढण्याच्या पद्धतीचे वर्णन केले. पुढे ही शस्त्रक्रिया इतकी सरसकट झाली की एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तिथल्या पाळीव मांजरांपैकी सुमारे एक चतुर्थांश मांजरांची नखे काढलेली असावीत असा अंदाज होता. नसबंदीच्या वेळीच, त्याच भुलीत, नखेही उरकून घेण्याची रीत पडली. काही घरमालक तर भाडेकरूच्या मांजराची नखे काढलेली असावीत अशी अट घालत. कॅलिफोर्नियात अशी अट घालायला कायद्याने बंदी आली ती २०१३ पासून. 

समर्थकांचा मुख्य युक्तिवाद असा : नखे असलेले मांजर नकोसे होऊन रस्त्यावर किंवा निवाऱ्यात जाण्यापेक्षा नखांविना घरात राहिलेले बरे. तो दयाबुद्धीतून आलेला आहे आणि त्याचे उत्तर पुराव्यानेच द्यायला हवे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१८ साली बंदी आली. तिथल्या निवाऱ्यांच्या बंदीपूर्वीच्या आणि बंदीनंतरच्या तीन-तीन वर्षांच्या नोंदी ताडून पाहण्यात आल्या, तेव्हा मांजरे सोडून देण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. घरातल्या आजारी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ओरखड्यातून संसर्ग होईल, हे दुसरे कारण दिले जाते. त्यावर अमेरिकेतील आरोग्ययंत्रणांचा सल्ला स्पष्ट आहे : अशा घरांसाठीही नखे काढण्याची शिफारस नाही, पिसवांचा बंदोबस्त करावा, मांजराशी आडदांड खेळ टाळावेत आणि ओरखडा लगेच धुवावा.

शस्त्रक्रियेच्या परिणामांचा सगळ्यांत बोलका पुरावा टेक्सासमधील एका पाहणीत मिळतो. २७४ मांजरांच्या या पाहणीत निम्म्यांची नखे काढलेली होती. नखे काढलेल्या मांजरांत पाठदुखी, ठरल्या जागेबाहेर घाण करणे, अंग अति चाटणे आणि चावणे यांचे प्रमाण बरेच अधिक आढळले. क्ष-किरण तपासणीत त्यांच्यापैकी ६३ टक्के मांजरांच्या पंजात हाडाचे तुकडे शिल्लक होते. यापूर्वीच्या काही अभ्यासांत वर्तनात फरक दिसला नव्हता, हेही नोंदवायला हवे. शस्त्रक्रिया किती सफाईने झाली यावर बरेच अवलंबून असते. पण निवडक हातांनीच नीट जमणारी अनावश्यक शस्त्रक्रिया करायचीच कशाला, हा प्रश्न उरतोच.

चावण्याचा मुद्दा रायगडसारख्या जिल्ह्यात अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो, कारण भारतात रेबीज आहे. ओरखड्यालाही लस घ्यावी लागते, पण दात आत रुतून रक्त आले तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. नखांचे हत्यार गेलेले मांजर दातांवर येत असेल, तर घरातल्या मुलांच्या सुरक्षेसाठी म्हणून केलेली शस्त्रक्रिया धोका वाढवते. चावले किंवा ओरबाडले तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी, हळद-चुना लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

युरोप परिषदेच्या १९८७ सालच्या पाळीव प्राणी संरक्षण करारात नखे काढणे, शेपूट छाटणे, कान कातरणे आणि स्वरतंतू कापणे यांना एकत्रच मनाई आहे. इस्राएलने २०११ मध्ये बंदी घातली. अमेरिकेत पहिले पाऊल वेस्ट हॉलिवूड या छोट्या शहराने २००३ मध्ये टाकले. तेव्हा कॅलिफोर्नियातील पशुवैद्यकांची संघटनाच त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि २००७ मध्ये अपिलात हरली. राज्यपातळीवर न्यूयॉर्क २०१९ मध्ये पहिले ठरले; मग मेरीलँड, व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्स. पशुवैद्यकांचे मतही फिरले. कॅनडाच्या संघटनेने २०१७ मध्ये विरोध जाहीर केला आणि २०२० मध्ये अमेरिकेतील मोठ्या दवाखाना-साखळ्यांनी ही शस्त्रक्रिया थांबवली.

भारतात आधार आहे तो १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून या कायद्याला चालना मिळाली. त्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला विनाकारण वेदना देणे आणि निर्दयपणे त्याचे अंगच्छेदन करणे हे गुन्हे आहेत. गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे आणि वेसण घालणे यांना विहित पद्धतीपुरती सूट आहे. मांजराच्या नखांना ती नाही. एवढ्यावरून ही शस्त्रक्रिया बेकायदा ठरावी असे म्हणायला भरपूर जागा आहे. अडचण शिक्षेची. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ प्राण्याला जायबंदी करण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद सांगते, पण ते नुकसान करण्याच्या हेतूला बांधलेले आहे. मालकाच्या संमतीने दवाखान्यात झालेल्या शस्त्रक्रियेला ते लावणे सोपे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या जल्लिकट्टू खेळाच्या प्रकरणात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांना मान्यता दिली. अशा खेळांना आणि शर्यतींना मोकळीक देणाऱ्या राज्यांच्या दुरुस्त्या २०२३ मध्ये वैध ठरल्या. पण त्या पाच स्वातंत्र्यांतले एक नैसर्गिक वर्तनाचे आहे, आणि नखे घासणे हे मांजराचे नैसर्गिक वर्तन आहे, यात शंका घेण्यासारखे काही नाही.

माणसाच्या सोयीसाठी प्राण्याची हत्यारे काढून घेण्याचा प्रकार महाराष्ट्राने पाहिलेला आहे. अस्वल घेऊन गावोगाव हिंडणारे दरवेशी अनेकांना आठवत असतील. अस्वल पिल्लू असतानाच त्याच्या थोबाडातून दोर ओवला जाई, सुळे पाडले जात, कधी नखेही काढली जात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अस्वल पकडणे गुन्हा ठरले. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांच्या खेळांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम केली. दरवेशी-कलंदरांना दुसरा रोजगार मिळवून देण्याची खटपट झाली, तेव्हा कुठे ही प्रथा सरली. रुळलेली प्रथा मोडायला किती वर्षे जातात ते यावरून दिसते. मांजरांच्या बाबतीत आपल्याकडे प्रथा पडलेलीच नाही, त्यामुळे स्पष्ट मनाईचा नियम करायला आजच्याइतकी सोपी वेळ पुन्हा येणार नाही.

पर्याय स्वस्त आहेत आणि कोकणात तर हाताशी आहेत. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत प्लास्टरला बळकटी यावी म्हणून ज्या नारळाच्या काथ्याचा वापर होतो, त्याचीच दोरी मांजराच्या खांबाला उत्तम. साधारण तीन फूट उंचीचा लाकडी ठोकळा जाड, जड पाटावर घट्ट ठोकावा. हलला तर मांजर त्याच्याकडे पुन्हा फिरकत नाही. त्यावर दोरी वेढ्याला वेढा लावून आवळावी, दोन्ही टोके खिळ्याऐवजी गाठीने बंद करावीत. खांब अडगळीत न ठेवता मांजर झोपते त्या जागेजवळ किंवा थेट सोफ्याच्या कोपऱ्याशी ठेवावा, कारण झोपेतून उठल्याबरोबर आळस देत नखे घासण्याची त्याला सवय असते. सोफ्याच्या कडेला काही दिवस जाड प्लास्टिक लावले की सवय लवकर वळते. मारल्याने ती वळत नाही. मांजर फक्त मारणाऱ्याच्या पाठीमागे नखे घासू लागते.

नखांची टोके दोन-तीन आठवड्यांनी कापावीत. बोट वरून-खालून अलगद दाबले की नख बाहेर येते. फिकट नखात उजेडाकडे धरल्यावर आत गुलाबी रेष दिसते, ती जिवंत शीर. तिच्या अलीकडचे फक्त अणकुचीदार टोक मांजरासाठीच्या कातरीने उडवावे. पिल्लू असल्यापासून रोज पंजे हातात घेतले तर मोठेपणी झटापट होत नाही. म्हाताऱ्या मांजराची नखे जाड होऊन वळतात आणि कधी तळव्याच्या गादीत रुततात. ते लंगडू लागले तर आधी पंजा उलटा करून पाहावा, आणि नख रुतलेले असेल तर घरी ओढाताण न करता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.