सार्कोपेनिया म्हणजे काय? घरी कसा ओळखाल?

वयानुसार स्नायूंचं प्रमाण आणि ताकद फार घटणं म्हणजे सार्कोपेनिया. त्यामुळे तोल जातो, पडण्याचा धोका वाढतो. सिंधुदुर्गात मुलं मुंबईला आणि मालवणच्या घरी आजी-आजोबा एकटेच, असं चित्र अनेक ठिकाणी दिसतं. तिथे हा धोका वेळीच ओळखायला हवा.

आशियाई तज्ज्ञगटाचे 2019 चे निकष :

▪ पोटरीचा सर्वांत जाड भागाचा घेर : पुरुष 34, स्त्रिया 33 सेंमीपेक्षा कमी
▪ हात छातीशी दुमडून खुर्चीवरून 5 वेळा उठबस : 12 सेकंद किंवा जास्त

असं आढळल्यास डॉक्टरांना दाखवा. पायांवर सूज असेल तर घेर फसवा ठरतो.

स्नायूंना ताकदीचा व्यायाम आणि प्रथिनं लागतात. नुसत्या पेजेवर भागत नाही. सोबत बांगडा, तारली किंवा कुळथाची पिठी हवी. मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.