औषधाच्या लाकडाचं घड्याळ

घरच्या वर्कशॉपमध्ये लंबकाचं लाकडी घड्याळ करायला घेतलं की सगळा जीव आधी दातेरी चक्रांत गुंततो. खरं अडतं ते पुढे, आस जिथे भोकात फिरतो तिथे. तेल सोडलं तर ते लाकडात मुरतं, धूळ धरतं, चिकट होतं. नाही सोडलं तर घर्षण लंबकाची ताकद खातं. या एका भोकाचा माग काढत मी पोचलो तो सोळाव्या शतकातल्या एका काढ्यापाशी.

लंबकाची कथा सर्वज्ञात आहे. गॅलिलिओने झोका अभ्यासला, 1656 मध्ये हायगेन्सने त्याचं घड्याळ केलं. लाकडी घड्याळांचीही परंपरा मोठी आहे: जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधले शेतकरी ती करत, आणि अमेरिकेत एली टेरीने 1807 च्या सुमारास 4,000 लाकडी यंत्रांचं कंत्राट घेतलं. पण तेलाचा प्रश्न मुळापासून सोडवला तो जॉन हॅरिसनने. समुद्रावर रेखांश सांगणारं घड्याळ करणारा म्हणून जग ज्याला ओळखतं, तो हाच. पेशाने सुतार. इंग्लंडात हंबर नदीच्या दक्षिण काठावरच्या बॅरो गावात राहून त्याने 1713 मध्ये, विशीत, पहिलं घड्याळ केलं ते जवळजवळ सगळं लाकडाचं. ओकच्या चक्रात दाते तुकड्यातुकड्यांनी बसवले, प्रत्येक दात्यात लाकडाच्या रेषा टोकाच्या दिशेने धावतील असे. त्यामुळे दाता मोडत नाही.

1722 च्या सुमारास ब्रॉकल्स्बी पार्कमधल्या तबेल्यावर त्याने मोठं घड्याळ बसवलं. ते आजही चालतं, आणि तेलाशिवाय. त्यातले बुश, म्हणजे आस फिरतो त्या भोकांची अस्तरं, आणि छोटे रूळ लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाचे आहेत. हे लाकूड पाण्यात बुडतं आणि त्याच्यात इतकी राळ असते की घासलं जाताना ते स्वतःच वंगण पुरवतं. हॅरिसन गरीब होता म्हणून लाकूड वापरलं, असं सांगतात. मला ते पटत नाही. ब्रॉकल्स्बीचे पेल्हॅम गडगंज जमीनदार होते, आणि हे लाकूड तर थेट कॅरिबियन बेटांवरून यायचं. हा तेलाला नकार होता, काटकसर नव्हती.

युरोपात हे लाकूड मुळात आलं ते औषध म्हणून. कोलंबसनंतर उपदंशाची साथ पसरली आणि रोग ज्या मुलखातून आला तिथेच देवाने उतारा ठेवला असणार, अशी समजूत होती. जर्मन विद्वान उलरिख फॉन हुटेनने 1519 मध्ये या लाकडाच्या काढ्याची स्तुती करणारं पुस्तक लिहिलं आणि 1523 मध्ये त्याच रोगाने तो गेला. आउग्सबुर्गचे फुगर सावकार या लाकडाच्या व्यापारात होते. आपल्याकडे भावप्रकाशात त्या रोगाला फिरंगरोग म्हटलं आहे आणि त्यावर चोपचिनी हे वेगळं मूळ सांगितलं आहे. गोव्यात 1563 मध्ये छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथातही चोपचिनीवर वेगळं प्रकरण आहे.

मग औषधाचं लाकूड घड्याळात कसं शिरलं? माझं उत्तर: जहाजाच्या कप्पीतून. शिडाच्या जहाजांवर दोरखंड ओढणाऱ्या कप्प्यांची चाकं याच लाकडाची करत, कारण खाऱ्या पाण्यात तेल टिकत नाही. बॅरोच्या समोर, हंबरच्या उत्तर काठावर हल बंदर आहे, आणि बंदर म्हटलं की कप्प्या करणारे आलेच. सुताराच्या पोराची नजर त्यांच्या कामावर पडली नसेल, हे मला अशक्य वाटतं.

यावर एक तगडा प्रतिवाद आहे: कल्पना कप्पीतून नव्हे, पवनचक्कीतून आली. तिथेही दोन तबकड्यांमध्ये उभ्या दांड्या बसवलेलं लाकडी चक्र असतं, आणि हॅरिसनच्या लहान चक्रांचा सांगाडा तसाच दिसतो. सांगाडा चक्कीचा, हे मान्य. पण चक्कीतल्या दांड्या सहसा पक्क्या बसवतात आणि त्यांना चरबी चोपडतात. हॅरिसनने प्रत्येक दांडीऐवजी पितळी खिळीवर मोकळा फिरणारा रूळ ठेवला. खीळ स्थिर, लाकडी चाक तिच्याभोवती फिरतं, वंगण लाकडाच्या पोटातलं: ही रचना अंगठ्याएवढी केलेली जहाजाची कप्पीच आहे. हॅरिसनने आपला गुरू कुठे लिहून ठेवलेला नाही, पण लाकडात ही साक्ष मला स्पष्ट दिसते. ब्रॉकल्स्बीच्याच घड्याळासाठी त्याने टोळ एस्केपमेंट, म्हणजे लंबकाच्या तालावर चक्र एकेका दात्याने सोडणारा भाग, काढलं. त्यातले पाय चक्रावर घासत नाहीत, टेकतात आणि उडून सुटतात, म्हणून तिथेही तेल लागत नाही. 1735 मध्ये पुरं झालेल्या त्याच्या पहिल्या सागरी घड्याळातही ओकची चक्रं आणि लिग्नमचे रूळ आहेत. म्हणजे कप्पीचं लाकूड पुन्हा समुद्रावर गेलं. पुढे 1850 च्या दशकात जॉन पेनने आगबोटीच्या पंख्याचा दांडा याच लाकडाच्या पट्ट्यांत फिरवला, पाण्याच्या वंगणावर. औषधाचं नातंही पुरतं तुटलेलं नाही: शौचातलं अदृश्य रक्त शोधण्याच्या एका चाचणीत याच झाडाची राळ वापरतात.

आज ही झाडं साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या संरक्षित यादीत आहेत, त्यामुळे नवं लाकूड सहज मिळत नाही आणि त्यासाठी झाड तोडायला लावूही नये. पाश्चात्त्य मैदानी खेळांतले जुने लाकडी बोलिंगचे गोळे मात्र बहुधा याचेच असत, आणि तसा एक फुटका गोळा मिळाला तर त्यातून कित्येक घड्याळांचे बुश कांतता येतात. भोक खिळीपेक्षा किंचित सैल ठेवावं, पावसाळ्यात लाकूड फुगतं.