दूरवरची चिठ्ठी

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या दारात कुरियरवाला आला. लोणावळ्याचा पाऊस तो. रेनकोटातून पाणी निथळत होतं, पण हातातला थर्माकोलचा डबा त्यानं पोटाशी जपून धरला होता. डब्यात बर्फाच्या थैल्या आणि त्यांच्या मधोमध इंजेक्शनचं पेन. माझ्या नातीनं मागवलेलं, वजन कमी करण्याचं औषध.

‘अगं, डॉक्टरला दाखवलंस का?’ मी विचारलं.

‘आबा, बोलले ना मी त्यांच्याशी मोबाइलवर.’

‘किती वेळ?’

‘असतील चारेक मिनिटं.’

मी छत्तीस वर्षं लोणावळ्याच्या बाजारात औषधाचं दुकान चालवलं. चार मिनिटांत काय विचारून होतं आणि काय राहून जातं, याचा मला थोडा अंदाज आहे. पण दुरून उपचार म्हटलं की लगेच नाक मुरडणाऱ्यांतलाही मी नाही, कारण त्याचा एक फार चांगला नमुना आमच्याच गावात घडून गेला आहे. तोही मोबाइलच्या कितीतरी आधी, टपालानं.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ च्या दसऱ्याला लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. योगाला प्रयोगशाळेत नेणारा हा माणूस. त्याआधी काही वर्षं बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्यांच्या पोटाचे एक्स-रे काढून पाहिले होते. लोणावळ्याला आल्यावर ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढलं, त्यात मोजमापं छापली. आसनानं बरं वाटतं एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं; बरं वाटतं म्हणजे नेमकं काय होतं, हा त्यांचा प्रश्न.

मार्च १९२७ मध्ये दौऱ्यावर असताना गांधीजी आजारी पडले. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि एप्रिलमध्ये त्यांना म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर नेण्यात आलं. त्या काळात त्यांचा आणि कुवलयानंदांचा पत्रव्यवहार चालला. गांधीजींची ही पत्रं त्यांच्या संग्रहित वाङ्मयात आहेत. मला त्यांत मोठी माणसं दिसत नाहीत, एक रोगी आणि एक उपचार करणारा दिसतो. कोणता व्यायाम चालू आहे, काय मानवलं, काय झेपलं नाही, रक्तदाब काय म्हणतो, हे रोगी कळवतो. तो मोजायला जवळ डॉक्टर आहेत. लोणावळ्याहून पुढची सूचना जाते. पत्र पोचायला दिवस लागत, पण गेलेल्या सूचनेचं काय झालं ते परत येत होतं.

टपालाचा दुसरा चेहराही होता. माझ्या लहानपणी वर्तमानपत्रांत जाहिराती असायच्या: ‘पोट कमी करा, व्ही.पी.पी.ने मागवा.’ पोस्टमनला पैसे मोजायचे, पुडी घ्यायची. पुढे काही झालं तर लिहायचं कुणाला? पत्त्यावर नुसता पोस्ट बॉक्स नंबर. खरं तर १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यानं ज्या ५४ विकारांवरच्या औषधांच्या जाहिरातींना मनाई केली, त्या यादीत लठ्ठपणाचं नाव स्पष्ट आहे. कायदा झाला तरी जाहिराती चालूच राहिल्या, हे वेगळं सांगायला नको. ज्या गावाची ओळख चिक्की आणि फज, त्या गावात अशा पुड्यांना गिऱ्हाईकही भरपूर.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला सोपी नाही.

१९९६ च्या सुमारास भांगरवाडीतल्या एक बाई दुकानात यायच्या. मुंबईच्या कुण्या डॉक्टरनं त्यांना फेनफ्लुरामिन लिहून दिलं होतं, भूक मारणारं औषध. चिठ्ठी एका महिन्याची. मी तिच्यावर सात महिने गोळ्या दिल्या. चिठ्ठी घडीवर फाटली, तेव्हा त्यांनी सेलोटेप लावून आणली आणि मी तीही चालवून घेतली. ओळखीचं गिऱ्हाईक, परत पाठवायचं कसं? शिवाय वजन उतरत होतं, बाई खूश होत्या. मग त्या यायच्या थांबल्या.

सप्टेंबर १९९७ मध्ये बातमी आली की अमेरिकेत हे औषध बाजारातून काढलं. ते घेणाऱ्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचं आढळलं होतं. मी पेपर घडी घालून गल्ल्याखाली ठेवला. दुपारी पुन्हा काढून वाचला. संध्याकाळी बाईंच्या घरी गेलो, तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, मुलाकडे नाशिकला गेल्या. पत्ता मिळवायला तीन आठवडे लागले. पुढे इको काढला, तो चांगला निघाला. पण ते तीन आठवडे मी विसरलेलो नाही. आणि अशा त्या एकट्याच होत्या का? दुकानात बसून आठवायला लागलो, तर चारपाच चेहरे डोळ्यांपुढे आले, नाव एकाचंही आठवेना. चिठ्ठी गिऱ्हाईकाबरोबर परत गेलेली, बिल बहुतेक वेळा केलेलंच नाही. औषध माझ्याकडून गेलं होतं, पण कुणाकडे गेलं ते सांगणारा कागद माझ्याकडे नव्हता.

१९९८ मध्ये आपल्याकडेही त्यावर बंदी आली. मग रिमोनाबान्ट, मनावर होणाऱ्या परिणामांमुळे २००९ मध्ये तेही बंद. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे सिब्युट्रामिन २०११ मध्ये गेलं. दर वेळी आधी कौतुक, मग बंदी.

फोनवरच्या उपचाराचा इतिहास याच काळात, पण निराळ्या वाटेनं चालला होता. जुलै २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. प्रसूतीनंतर पुन्हा दाखल झालेल्या बाईला, डॉक्टर गावात नसताना, फोनवरून औषधं सांगितली गेली होती आणि ती दगावली. त्या निकालानंतर आमच्या ओळखीचे डॉक्टर फोनवर साधं तापाचं औषध सांगायलाही कचरू लागले. मग करोना आला आणि २५ मार्च २०२० ला केंद्रानं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. फोनवरच्या चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय भागत नसेल, तर रोग्याला बोलावून घ्यावं. यंत्रानं औषध लिहून द्यायचं नाही. ही सोय वाईट म्हणवत नाही. अंदर मावळात ओढ्याला पाणी आलं की एसटी बंद. त्या टाळेबंदीत ई-संजीवनीवरून डॉक्टरशी बोलायला मिळणं ही मोठीच गोष्ट होती.

नातीचं औषध जुन्या गोळ्यांपेक्षा निराळ्या जातीचं आहे, हे मान्य करतो. आतड्यात तयार होणाऱ्या एका संप्रेरकाची ते नक्कल करतं. पोट हळू रिकामं होतं, भूक मंदावते. आठवड्यातून एक टोचणी, सुरुवात अगदी लहान मात्रेनं. आपल्याकडे अशी दोन नवी इंजेक्शनं, मौंजारो आणि वेगोव्ही, २०२५ मध्येच आली, आणि परिणाम खरा आहे. पण मळमळ, उलट्या होतात, काहींना पित्ताशयाचे खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज. औषध थांबवलं की वजन बहुधा परत चढतं.

ते सगळ्यांसाठीही नाही. बॉडी मास इंडेक्स ३० च्या वर हवा. मधुमेह, रक्तदाब असं काही असेल तर २७. नातीची उंची पाच फूट दोन इंच, वजन ७० किलो, म्हणजे निर्देशांक २८. दुसरा आजार नाही. खोदून विचारल्यावर तिनं कबूल केलं की अर्जात तिनं ७६ लिहिलं होतं.

‘त्यांनी काट्यावर उभं राहायला सांगितलं नाही?’

‘मोबाइलवर कसं सांगणार, आबा?’

मी तिला बोललो नाही. सात महिने एकच चिठ्ठी चालवणाऱ्यानं काय बोलावं? सेलोटेपची गोष्ट मात्र सांगितली. ती हसली नाही.

तिसऱ्या टोचणीनंतर दोन दिवस तिच्या पोटात पाणी ठरेना. ज्या कंपनीकडून औषध आलं होतं तिच्या नंबरावर फोन लावला, तर आधी एक दाबा, मग दोन दाबा. डॉक्टर काही मिळाले नाहीत. शेवटी लोकलनं तळेगावला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, रक्त तपासायला दिलं, घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला होता का ते विचारलं, इंजेक्शन थांबवलं. अर्धा तास गेला. तिथून निघताना त्यांनी तिला एक वही करायला सांगितली: वजन, रक्तदाब, काय खाल्लं, काय त्रास झाला. दर पंधरा दिवसांनी वहीचा फोटो मोबाइलवर पाठवायचा, यायची गरज वाटली तर ते बोलावतील.

तीन महिने ती फोटो पाठवते आहे. डॉक्टरांचं उत्तर कधी दोन शब्दांचं असतं, कधी नुसता प्रश्न. परवा विचारलं होतं, ‘गुरुवारचा रक्तदाब का लिहिला नाही?’ कारण गुरुवारी आमचं यंत्राचं सेल संपलं होतं. तिनं तसं कळवलं.