रविवारची सुटी आणि कारखान्यांचा कायदा

आमच्या उंब्रजेहून खंडोबाचे पाल जवळच आहे. पौषात तेथे देवाच्या विवाहाची यात्रा भरते. त्या यात्रेस मुंबईच्या गिरण्यांतील आपले ज्ञातिबांधव रजा काढून येत व भंडाऱ्याने पिवळे होऊन परत जात. या खंडोबाचा आणि कारखान्यांच्या कायद्याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे यांनी जोडला. आठवड्याची सुटी रविवारीच का, तर तो आमच्या खंडोबाचा वार, असे त्यांनी मालकांस सांगितले, अशी आख्यायिका आहे.

मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. पहाटे दिसू लागल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. सातारा, रत्नागिरीकडील माणूस शेतात दिवसभर राबणाराच. परंतु शेतात बांधावर बसता येते, यंत्र कोणासाठी थांबत नाही. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ साली कायद्याचा मसुदा तयार केला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांसही येथील स्वस्त मजुरी सलत होती, म्हणून त्यांनीही विलायतेत ओरड केली. परोपकार आणि मत्सर अशा दोन बैलांनी ओढलेला हा गाडा १८८१ साली मुक्कामास पोहोचला. त्या पहिल्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची बंदी केली, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा घातली व धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालण्यास सांगितले. मोठ्या माणसांच्या तासांविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केल्याने त्यांस आतली स्थिती ठाऊक होती. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी सभा भरविल्या व साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. मागण्या किती साध्या होत्या, पाहा : आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्या काळी कुलीन म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रिया उंबऱ्याबाहेर बोलत नसत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोघींचे धैर्य कळते. १० जून १८९० रोजी मालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती पक्की झाली. लोखंडे १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत असता निवर्तले.

पुढील टप्पे थोडक्यात सांगतो. १९११ साली गिरण्यांतील पुरुषांस बारा तासांची मर्यादा मिळाली, १९२२ साली आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ साली चौपन्न, आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस. त्या अखेरच्या दुरुस्तीच्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांजकडे होते. त्यांचे बालपणचे शिक्षण आमच्या साताऱ्यास झाले, हे आम्ही वर्गात अगत्याने सांगत असू. मग आला १९४८ चा कायदा. आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांस त्यात स्वतंत्र प्रकरणे मिळाली. धूळ बाहेर काढण्याची सोय, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी, अडीचशेंवर कामगार असल्यास उपाहारगृह, पन्नासांवर स्त्रिया असल्यास पाळणाघर. थुंकदाण्यासुद्धा विधिमंडळास सुचल्या.

धुळीच्या कलमाविषयी मात्र आम्हांस घरचा अनुभव आहे. आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे जात असू. वीस-बावीस गाववाल्यांच्या त्या गाळ्यात रविवारी रात्री भजन होई आणि सोमवारी संध्याकाळी वडिलांची छाती भरून येई. मंगळवारपासून जरा बरे. ‘सुटी मला बाधते,’ असे ते म्हणत व आम्ही मुले हसत असू. पुष्कळ वर्षांनी आम्हांस कळले की कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाचे लक्षणच ते होय. एक दिवस धूळ चुकली की दुसऱ्या दिवशी ती अधिक बाधते. लोखंड्यांनी मिळविलेला रविवारच त्या रोगाची खूण सांगत होता! कायद्याच्या परिशिष्टात या रोगाचे नाव होते, तो आढळल्यास वैद्याने सरकारास कळवावे असा नियमही होता. वडिलांच्या कागदावर मात्र ‘जुनाट खोकला’ एवढेच लिहिले गेले. धूळ ओढणारे नळ खात्यात होते. पण ते साहेब तपासणीस येणार त्या दिवशी चालत, असे वडील सांगत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, ते गावी आले ते कायमचेच. खोकला सोबत आला.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली धोकादायक कारखान्यांसाठी कायद्यात नवी कलमे आली. आता १९४८ चा कायदा जाऊन २०२० साली संमत झालेली नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिचे फळ काय, ते इतक्यात सांगणे उतावीळपणाचे होईल.

आमच्या कराड तालुक्यात सह्याद्री, कृष्णा असे साखर कारखाने आहेत. आत काम करणाऱ्यास तासांचा हिशेब मिळतो. ज्या उसावर कारखाना चालतो तो तोडणारी बीडकडील कुटुंबे मात्र पहाटेच्या थंडीत फडात उतरतात, ती कारखान्याच्या हजेरीत नसतात. आम्ही नोकरीत असता त्यांची मुले गळिताच्या हंगामात शाळेत बसवून घेत असू. हंगाम संपून कोप्या मोडल्या, की हजेरीपत्रकातील तेवढ्या नावांपुढील रकाने चैत्रापासून रिकामे राहत.