एका दोषाचे नामकरण : ‘कोबाल्ट’ मोटारीचा इग्निशन स्विच, २००२–२०१५

यंत्रातील दोषाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी सहसा यंत्राकडे जाते. त्या दोषाला कागदोपत्री कोणते नाव दिले गेले, इकडे ती क्वचितच वळते. वस्तुतः दोष आढळणे आणि तो दोष म्हणून मान्य होणे या दोन भिन्न घटना होत. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्या जातीच्या अन्य लहान मोटारींच्या बाबतीत या दोन घटनांमध्ये एका दशकाहून अधिक काळ लोटला. हा विलंब अज्ञानामुळे झाला, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु उपलब्ध कागदपत्रे निराळेच सांगतात. माहिती होती, ती चुकीच्या सदराखाली नोंदली गेली होती.

सदरांना इतके महत्त्व का यावे, हे कळण्यासाठी अमेरिकन कायद्याची पूर्वपीठिका ध्यानात घ्यावयास हवी. १९६५ साली राल्फ नेडर यांनी ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ या ग्रंथात शेव्हरोले कॉर्व्हेअर आदी मोटारींच्या रचनेवर टीका केली. तोवर अपघाताचे खापर बहुधा चालकाच्या माथी फुटत असे. रचनाकारही जबाबदार असू शकतो, ही कल्पना त्या वादातून रूढ झाली. १९६६ च्या वाहनसुरक्षा कायद्याने दोषाची सूचना ग्राहकास देणे उत्पादकावर बंधनकारक केले, आणि १९७४ च्या दुरुस्तीने विनामूल्य उपाययोजनेचा भार त्याच्यावर टाकला. अशा रीतीने रिकॉलची, म्हणजे सदोष मोटारी परत बोलावून त्या नीट करून देण्याची, पद्धत स्थिरावली. मात्र या हक्काचा पाया एका विशेषणावर उभा आहे. दोष ‘सुरक्षिततेशी संबंधित’ ठरला तरच कायदा जागा होतो; तो केवळ गैरसोयीचा ठरला, तर ग्राहकाच्या पदरी हमीपत्राखेरीज विशेष काही पडत नाही.

प्रस्तुत मोटारींतील दोष दिसावयास क्षुल्लक होता. इग्निशनच्या स्विचमधील एक लहानशी दट्ट्या व स्प्रिंग किल्लीला ‘चालू’ स्थितीत धरून ठेवीत असे. किल्ली फिरविण्यास जेवढा जोर लागावा असे ठरले होते, त्याहून पुष्कळच कमी जोर या स्विचला पुरे. पुरवठादार डेल्फाय कंपनीच्या चाचण्यांत ही उणीव दिसली होती. तरीही २००२ साली जनरल मोटर्सच्या संबंधित अभियंत्याने त्या स्विचला मान्यता दिली. परिणामी किल्ल्यांचा जड जुडगा लोंबत असला, चालकाचा गुडघा लागला किंवा रस्त्यात खड्डा आला, की किल्ली घसरून एक पायरी मागे येई. इंजिन बंद पडे, सुकाणूला व ब्रेकला मिळणारे यांत्रिक साहाय्य थांबे, आणि एअरबॅगही निष्क्रिय होत. ज्या क्षणी एअरबॅगची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच क्षणी ती मिटलेली राही.

२००४–०५ मध्ये कोबाल्ट बाजारात आली, तेव्हापासूनच चालत्या गाडीत इंजिन बंद पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. कंपनीच्या अभियंत्यांनाही चाचणीच्या वेळी तसा अनुभव आला. तरीही या प्रश्नाची नोंद ‘ग्राहकाची गैरसोय’ या सदरात झाली. गाडी बंद पडली तरी ती वळविता येते व थांबविता येते, असा त्यामागील युक्तिवाद होता. एकदा हे सदर लाभल्यावर पुढचे सारे त्याच ओघाने आले. सुरक्षिततेच्या प्रश्नाला खर्चाची सबब चालत नाही. गैरसोयीच्या प्रश्नाला चालते. २००५ साली सुचविलेले उपाय खर्चाच्या दृष्टीने परवडणारे नाहीत, असा शेरा मारून चौकशी बंद करण्यात आली. डिसेंबर २००५ मध्ये विक्रेत्यांना पाठविलेल्या तांत्रिक सूचनेत किल्लीचे लांबट भोक लहान करणारी एक पट्टी बसवावी, एवढेच सुचविले होते. इंजिन चालता चालता ‘बंद पडणे’ यासाठी रूढ असलेला इंग्रजी शब्द त्या सूचनेत हेतुतः टाळला होता. कारण तो वाचणाऱ्याच्या मनात सुरक्षिततेची शंका उत्पन्न करतो. ही पट्टी पाचशेहून कमी ग्राहकांपर्यंत पोहोचली.

येथे कंपनीची बाजूही पाहणे न्याय्य ठरेल. कंपनीने नेमलेले विधिज्ञ अँटन व्हालुकस यांचा अहवाल जून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. किल्ली मागे आल्यावर एअरबॅगचा वीजपुरवठा थांबतो, ही गोष्ट स्विचचा विचार करणाऱ्या अनेकांना ठाऊक नव्हती, असे त्यातून दिसते. परंतु ती रचना कंपनीच्याच दुसऱ्या विभागाने केलेली होती. अज्ञान होते ते विभागाविभागांतले. संस्थेच्या दप्तरात ज्ञान पडून होतेच.

या दप्तराची दिशाभूल करणारी दुसरी घटना एप्रिल २००६ मधील होय. स्विचमधील दट्ट्या व स्प्रिंग बदलून तो पक्का करण्यास मान्यता देण्यात आली; पण सुट्या भागाचा क्रमांक मात्र पूर्वीचाच ठेवला गेला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या कृत्याचे गांभीर्य सहज उमगेल. पाठ बदलून हस्तलिखितावर जुनीच मिती ठेवावी, तसा हा प्रकार होता. नंतरच्या आवृत्त्यांत तशा दुर्घटना का आढळत नाहीत, याचा उलगडा कंपनीच्या तपासनिसांना कित्येक वर्षे होईना. दोष दुरुस्त झाला, परंतु दुरुस्तीचा पुरावा नष्ट झाला, आणि त्यासोबत आधीच्या गाड्यांतील दोषाचाही.

बाहेरच्या माणसाला मात्र हे कोडे तितकेसे कठीण गेले नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एका कोबाल्टला अपघात होऊन दोन तरुणींचा मृत्यू झाला. किल्ली मागे आलेली होती आणि एअरबॅग उघडल्या नव्हत्या. २००७ च्या फेब्रुवारीत त्या राज्याच्या गस्ती पोलीस दलातील एका कर्मचाऱ्याने आपल्या अहवालात या दोन गोष्टींचा परस्परसंबंध मांडला. त्यासाठी त्याने कंपनीच्याच २००५ च्या सूचनेचा आधार घेतला. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने मात्र त्याच वर्षी औपचारिक चौकशीचा प्रस्ताव नाकारला. पुढे २०१३ मध्ये जॉर्जिया राज्यातील एका खटल्यात वादीच्या तज्ज्ञाने जुना व नवा स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा २००६ चा अबोल बदल उजेडात आला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल जाहीर झाला आणि मार्चअखेर त्याची व्याप्ती जगभरातील सुमारे २६ लाख मोटारींपर्यंत वाढली. २००८ ते २०११ च्या मोटारीही त्यात घ्याव्या लागल्या. कारण क्रमांक एकच असल्याने जुने सदोष स्विच दुरुस्तीच्या वेळी त्यांत बसले असण्याचा संभव होता. तोवर आयन आणि कोबाल्ट या दोहोंचे उत्पादन थांबले होते आणि सॅटर्न हे नावही इतिहासजमा झाले होते. नवे स्विच तयार होऊन येईपर्यंत मालकांना एकच उपदेश होता : जुडग्यातून किल्ली काढा आणि ती एकटीच वापरा. दुरुस्तीपर्यंत गाड्या चालवू नयेत, असा आदेश कंपनीने द्यावा ही मागणी एप्रिल २०१४ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने फेटाळली. त्यातच २००९ च्या दिवाळखोरीनंतर निघालेल्या नव्या कंपनीवर जुन्या कंपनीच्या मोटारींचे दावे लागू होतात काय, हा वाद उभा राहिला. तो दाव्यांच्या बाजूने वळण्यास अपील न्यायालयाचा जुलै २०१६ मधील निकाल यावा लागला.

मृतांची गणनाही वर्गीकरणातून सुटली नाही. कंपनीने १३ मृत्यू मान्य केले. त्यात केवळ समोरून धडक बसून एअरबॅग न उघडल्याचे अपघात धरले होते. केनेथ फाइनबर्ग यांच्या देखरेखीखालील भरपाई निधीने निकष व्यापक केले, तेव्हा १२४ मृत्यूंचे दावे ग्राह्य ठरले. सप्टेंबर २०१५ मध्ये फौजदारी कारवाईच्या तडजोडीत कंपनीने ९० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले; व्यक्तिशः कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. त्याच वर्षाअखेरच्या कायद्याने विनामूल्य दुरुस्तीची मुदत १० वर्षांवरून १५ वर्षांवर नेली. जुनी गाडी वापरणारा माणूस बहुधा दुसरा वा तिसरा मालक असतो. दोषाची कबुली दहा वर्षांनी मिळाली, तर जुन्या मुदतीत त्याच्या वाट्याला काहीच उरत नसे.

२००८ च्या सुमारास कंपनीतील प्रशिक्षणात कोणते शब्द लेखनात टाळावेत, याची यादीच दिली जात होती. ‘दोष’ म्हणू नये, ‘रचनेनुसार कार्य करीत नाही’ असे म्हणावे. ‘समस्या’ऐवजी ‘बाब’ किंवा ‘स्थिती’ लिहावे. अभिलेखागारात बसणाऱ्या अभ्यासकाला या यादीतून एक व्यावहारिक बोध घेता येतो. जेथे ‘दोष’ हा शब्द आढळत नाही, तेथे दोष नव्हता असे अनुमान काढणे धोक्याचे आहे. सौम्य सदराखालच्या नोंदी, न बदललेले क्रमांक आणि दप्तरात न वाचता पडलेले अहवाल हेच अशा इतिहासाचे अस्सल साधन होय. त्या कागदांत दिलेले नाव आणि रस्त्यावर घडलेली घटना यांतील अंतराची किंमत १२४ कुटुंबांनी मोजली.